कुलपाचं झाकण

१२ फेब्रुवारी, सोमवार

चि. शहाण्यास,

ताईचे आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. शेवटपर्यंत वाचून झालं की त्यातले किती शिल्लक राहतात ते तूच बघ.

आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि बाबा गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतात. शेजारच्यांनी भिंतीला पिवळा रंग दिलाय, तो इतका भडक आहे की आपल्या स्वयंपाकघरात दिवा लावायला नको. तुझ्याकडे सगळी खुशाल असतील. दुकानही जोरात असेल. सुटे भाग विकणाऱ्याला मरण नाही असं तूच म्हणतोस. लोकांच्या गाड्या मरत राहिल्या म्हणजे झालं.

फोन केला असता. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच ‘अगं, ऐक तर’ म्हणता येत नाही, म्हणून कागद.

तर बातमी अशी की आपला ट्रक आता बंद पडत नाही.

मिठाई वाटू नकोस. आधी ऐक. बदली ड्रायव्हर सोडून गेल्यापासून गाडी मी चालवते हे तुला माहीत आहेच. गिरणीतून पिठाची पोती उचलायची आणि बेकऱ्यांना पोचवायची, बाबांनी जन्मभर केलं तेच. माझ्या हातात आल्या आल्या गाडीनं तिचं जुनं सोंग पुन्हा काढलं. गिरणीच्या फाटकातून मस्त निघायची. बाजार ओलांडला की तिला दम लागायचा. रेस द्यावी तर ओढ नाही, मग आचके, मग सगळं शांत. मागून हॉर्न, पुढून शिव्या, आणि मधे मी. थोडा वेळ कडेला बसलं की पुन्हा चालू व्हायची, जणू काही झालंच नव्हतं.

तेव्हा तू फोनवर काय म्हणालास? ‘ताई, ट्रक म्हणजे स्कूटर नव्हे. तू क्लचवर पाय ठेवून बसतेस, गाडी मरणारच.’ उचलली जीभ, लावली टाळ्याला. आपल्या दोघांना गाडी एकाच माणसानं शिकवली. क्लचवर पाय ठेवतो म्हणून त्यानं हसत हसत लाकडी पट्टी कोणाच्या नडगीवर मारली होती, ते आठव. माझ्या नव्हे.

वस्तादांचं नाव निघालंच. बदली ड्रायव्हर यायच्या आधी इतकी वर्षं गाडी त्यांच्याच हातात होती. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. आधी गाडी.

मिस्त्रीकडे नेली. त्यानं बाबांकडून चावी घेतली, टाकी उघडून डिझेल आहे का बघितलं, गाडी चालू केली, अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, ‘हिला काही झालेलं नाही.’ तरी त्यानं फिल्टर बदलला. दुसऱ्या खेपेला नोझल काढून तपासले. तिसऱ्या खेपेला म्हणाला पंप गेला असेल, तो उतरवून साफ करून बसवला. चौथ्या खेपेला लाइन हवा घेते म्हणाला आणि टाकीकडून येणारा रबरी पाइप नवा घातला. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. दर वेळी गॅरेजमधून निघताना गाडी शहाण्या मुलीसारखी वागायची आणि टाकी भरून घेतली की दुसऱ्या दिवशी बाजारापलीकडे पुन्हा तेच. शेवटी मिस्त्री माझ्या पायांकडे बघायला लागला. तुझ्यासारखाच.

मग मी ठरवलं, आता ही जिथे मरेल तिथेच मी हिच्या खाली शिरणार.

गेल्या मंगळवारी ती मोठ्या बेकरीच्या अलीकडे मेली. मी अंगावर पोतं गुंडाळलं आणि आत शिरले. टाकीतून डिझेल ओढायचा हातपंप मारून बघितला, तो दगडासारखा घट्ट. हात पाइपवर गेला तर नवाकोरा पाइप चपटा! आतून कोणीतरी ओढून घेतल्यासारखा. तुझ्या धंद्यातली गोष्ट आहे, तुला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नव्हतं. मी तशीच पाइप धरून पडून राहिले.

तेवढ्यात बाबा स्कूटरवरून आले. बेकरीवाल्यानं फोन करून बोलावलं होतं. बाबांचं पहिलं वाक्य, ‘डिझेल तरी आहे का?’ मी खालून ओरडले, कालच भरलंय. पण बाबांनी सवयीप्रमाणे खिशातून चावी काढली, कुलूप फिरवलं आणि झाकण उचललं.

टाकीनं असा श्वास आत ओढला की तो मला खालीही ऐकू आला. आणि माझ्या मुठीतला पाइप फुगून गोल झाला. माझ्या मुठीत, शहाण्या! बाबा म्हणाले, ‘आता मार बरं स्टार्टर.’ चालू. ‘बघ,’ बाबा म्हणाले, ‘मी आलो की होते चालू.’

त्या दिवशी मी गाडी झाकणाशिवाय चालवली. टाकीच्या तोंडावर सुती फडकं बांधलं आणि सगळ्यात लांबच्या बेकरीपर्यंत जाऊन आले. एकदाही नाही मेली. दुसऱ्या दिवशी बाबांकडून चावी मागून घेतली, झाकण लावून कुलूप घातलं. बाजारापलीकडे मेली. झाकण उघडलं, चालू. पुन्हा लावलं, पुन्हा मेली. खात्री पहिल्या खेपेलाच झाली होती. पुढच्या खेपा मी नुसत्या रागानं केल्या.

ते झाकण मी घरी आणून टेबलावर ठेवलं. तुझंच झाकण, चकचकीत, कुलूपवालं. दोन वर्षांपूर्वी तू आलास, दोन दिवस पाहुणचार घेतलास, ‘डिझेल जास्त जातंय, बाबा’ म्हणालास आणि दुकानातून आणलेलं हे झाकण टाकीवर बसवून गेलास. एक चावी बाबांच्या खिशात, दुसरी तुझ्या जुडग्यात. गाडी चालवणाऱ्याकडे एकही नाही. झाकण उलटंपालटं करून बघितलं. कुठे भोक नाही. तोंड दाबून धरलेल्या माणसासारखं घट्ट.

आणि शेजारीच खिडकीत बाबांचा ॲशट्रे होता. तू जुनं झाकण काढून खिडकीत टाकलं होतंस, त्यात बाबा सिगारेटची राख झाडतात. त्याच्या बुडाशी एक बारीक भोक आहे. त्यातून राख गळते. ती राख मी रोज सकाळी फडक्यानं पुसते आणि रोज म्हणते, ‘बाबा, दुसरा ॲशट्रे घ्या, हा गळका आहे.’ काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हा. इंजिन डिझेल ओढतं, तेवढी हवा टाकीत यायला नको? तू लहानपणी बाटली तोंडाला लावून ओढत बसायचास, ती ओठांना चिकटली की भोकाड पसरायचास. तसंच. टाकी काठोकाठ भरलेली असली की आत हवा थोडी, म्हणून लवकर गळा आवळायचा. झाकणाच्या फटीतून मुंगीच्या पावलानं हवा आत गेली की पुन्हा चालू. आणि कोणी संशयानं झाकण उघडलं की तिथल्या तिथे चालू.

हे वाक्य पुन्हा वाच. संशयानं झाकण उघडलं की चालू. वस्तादांच्या हातात गाडी मेली की प्रत्येक वेळी बाबा तिथे जाऊन टाकी उघडून बघायचे, त्यांनी डिझेल विकलं तर नाही. टाकी उघडली की गाडी चालू. मग बाबा म्हणायचे, माझ्या हातात आली की चालते. बदली ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘चावी माझ्याकडे राहील, नाहीतर दुसरा माणूस बघा.’ त्या परक्या माणसाला बाबांनी मुकाट्यानं चावी दिली. तो रोज थोडं थोडं डिझेल भरायचा, रोज झाकण उघडायचा. त्याच्या हाताखाली गाडी एकदाही मेली नाही. आणि तू फोनवर म्हणालास, ‘बघा, मी सांगत नव्हतो? दोष गाडीत नव्हताच.’

आता वस्तादांचं. किती वेळ टाळणार.

पुलाच्या चढावर गाडी मेली त्या दिवशी मी घरी होते, तू इकडे आलेला होतास. गाडी मागे सरकली, मागे शाळेची व्हॅन होती. वस्तादांनी ब्रेकवर उभं राहून ती धरली आणि हमालांनी चाकाखाली दगड घातले. कोणाला खरचटलंही नाही. गिरणीच्या अंगणात पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तू म्हणालास, ‘वस्ताद थकले, त्यांनीच सोडलं.’ बाबा म्हणाले, ‘झालं त्याचं वय.’ मी ते खरं मानलं. परवा गिरणीतल्या म्हाताऱ्या हमालाला मी झाकणाची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं पोतं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं.

वस्ताद तुला म्हणाले होते, ‘जुनं झाकण एकदा लावून बघू या का?’ एवढंच. आणि तू सगळ्या हमालांसमोर विचारलंस, ‘का? कुलूप खुपतंय?’ लोक हसले. मग तू टाकीत काठी घालून डिझेल मोजलंस. ते पुरेपूर निघालं. तिथे तरी तोंड मिटायचं! तर म्हणालास, ‘मग चोरी नाही, म्हणजे पाय गेले तुमचे. आज व्हॅनमधल्या पोरांचा जीव घेतला असतात.’ बाबा तिथेच होते. बाबा काही बोलले नाहीत.

तुझा जन्म झाला तेव्हा आईला दवाखान्यात याच गाडीतून याच माणसानं नेलं होतं. वस्ताद कधी रागवत नाहीत हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे आणि आपण ते फुकटात वापरत आलोय.

मी काल त्यांच्या घरी गेले. खोली तीच, खिडकीत तीच तुळशीची कुंडी. वस्ताद स्टुलावर बसले होते आणि पायाखाली वीट होती. मला वाटलं, पाय टेकवायला असेल. काकू मला आत नेऊन हळूच म्हणाल्या, ‘दिवसभर ती वीट दाबत बसतात गं. पाय थरथरतो का बघतात. मला विचारतात, बघ बरं, थरथरला का? मी म्हणते नाही. तर म्हणतात, तुला दिसत नाही.’

त्यांनाही आधी झाकणाचाच संशय होता. पण बदली ड्रायव्हर त्याच झाकणानिशी गाडी पळवतोय हे त्यांनी रस्त्यावर उभं राहून बघितलं, अनेकदा बघितलं. तेव्हा त्यांनी मान्य केलं की पायच गेले. त्याच्याकडे चावी होती हे त्यांना कोणी सांगितलं नाही. लायसन्सची मुदत संपली, त्यांनी नवं केलं नाही. आता रस्ता ओलांडताना काकूंचा हात धरतात. जो माणूस आंधळ्या वळणावर नुसत्या हॉर्नच्या आवाजावरून समोरच्या गाडीत माल किती ते सांगायचा, तो!

मी त्यांना काही सांगितलं नाही. चहा घेतला आणि आले. ते सांगायचं काम माझं नाही, तुझं आहे. जिथे बोललास तिथेच, गिरणीच्या अंगणात, त्याच हमालांसमोर.

त्यांचा मुलगा येत्या रविवारी त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार आहे. सामान बांधून झालंय. बाबांना सगळं सांगितलं तर म्हणतात, ‘झालं गेलं, आता कशाला उकरायचं?’ मी ताटावरून उठले. तेव्हापासून आमचं बोलणं फक्त मीठ आणि चटणीपुरतं.

तू शनिवारपर्यंत ये. दुकान एक दिवस बंद राहिलं म्हणून गाड्या मरायच्या थांबणार नाहीत.

वाट बघते,
ताई


१९ फेब्रुवारी, सोमवार

शहाण्या,

तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. मला वाटलं, पाठोपाठ तूही येशील. म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत स्टँडवर दोन फेऱ्या मारल्या. मग पार्सल उघडलं.

नवं झाकण. या वेळी भोक असलेलं. आणि कुलूप असलेलं! सोबत चिठ्ठी, ‘चुकीचा माल गेला होता, हे बसव. वस्तादांना माझ्या वतीनं सॉरी सांग. सीझन आहे, निघता येत नाही.’

चुकीचा माल! मी ते झाकण हातात घेऊन इतकी हसले की बाबा बाहेर आले. सगळ्या पत्रातून तुला एवढंच कळलं की भोक नव्हतं.

बाबांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. मग खिडकीतला ॲशट्रे उचलला, मोरीत नेला आणि साबणानं घासायला बसले. गुडघा दुमडत नाही तरी बसले. भोकात टाचणी घालून राख काढली. मला म्हणाले, ‘उद्या सकाळी गाडी बाहेर काढ. त्याचं ते बिनभोकाचं झाकण लावूनच काढ. जुनं मी बरोबर घेतो.’

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या दारात गाडी लावली. मुलगा रिक्षा बघायला निघाला होता. बाबा म्हणाले, ‘रिक्षा नको, मी सोडतो.’ वस्ताद बाबांना बघून उठून उभे राहिले, अजूनही. बाबा म्हणाले, ‘बस की लेका.’ आणि पुढचे शब्द त्यांना सापडेनात. म्हणून ते मी बोलले. झाकण, पाइप, चावी, बदली ड्रायव्हर, सगळं. माझा आवाज चढला होता, काकू म्हणाल्या, हळू गं, लोक ऐकतील. मी म्हटलं, ऐकू देत.

वस्तादांना पटलं नाही. मान हलवत म्हणाले, ‘पोरी, तू मनानं चांगली आहेस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगतेस.’

तेव्हा मी त्यांना शेजारी बसवलं, त्यांच्या पलीकडे बाबांना, आणि गाडी हाकली. टाकी काठोकाठ होती. काकू, त्यांचा मुलगा आणि ट्रंका मागे. बाजार ओलांडला. पहिला आचका बसला तसे वस्ताद ताठ झाले. दुसऱ्याला त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला, जिथे पेडल नव्हतं तिथे. गाडी मेली. मी माझे दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि म्हटलं, ‘हे माझे पाय. थरथरतायत का बघा.’

बाबांनी खिशातून चावी काढून त्यांच्या हातात दिली. झाकण बसवल्यापासून पहिल्यांदा. वस्ताद खाली उतरले, काकूंचा हात न धरता. कुलूप फिरवलं. टाकीनं तो श्वास ओढला, तसा त्यांनी हात मागे घेतला. मग ते कुलूपवालं झाकण त्यांनी रस्त्यावर आपटलं आणि ओरडले. शहाण्या, मी त्यांचा आवाज चढलेला जन्मात ऐकला नव्हता. ‘मी वीट दाबत बसलो होतो! वर्षभर वीट दाबत बसलो होतो मी!’ बाबांच्या अंगावर ओरडले. बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. काकू रडत होत्या, पण त्यांना थांबवत नव्हत्या.

बाबांनी जुनं झाकण पुढे केलं. वस्तादांनी आधी त्याचं भोक उजेडाकडे धरून बघितलं, मगच ते बसवलं. आणि मला म्हणाले, ‘सरक.’

लायसन्सची मुदत संपलीय हे मला माहीत आहे. तू कायदा शिकवू नकोस. गाडी त्यांनी सरळ गिरणीत नेली. रविवारी तिथे अर्धेच हमाल असतात, पण म्हातारा होता. अंगणात एक गोल फेरी मारली, एक लांब हॉर्न दिला आणि गाडी फाटकाच्या दगडाला बोटभर अंतरावर आणून लावली, पूर्वी लावायचे तशी. बाबा खाली उतरले, गुडघा धरून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘गाडी झाकणानं मरत होती. वस्तादांनी नाही मारली. मी त्या दिवशी गप्प बसलो, ते चुकलं माझं.’ म्हाताऱ्या हमालानं अंगावरचं पीठ झटकलं आणि वस्तादांना चहा आणून दिला.

स्टँडवर मी त्यांना म्हटलं, आता राहा की इथेच, गाडी तुमचीच आहे. म्हणाले, ‘नको. मुलानं खोली रंगवलीय माझ्यासाठी.’ बस निघायच्या आधी मी तुझी चिठ्ठी काढली. तुझ्या वतीनं सॉरी सांगायला तू सांगितलं होतंस, म्हणून सांगितलं. मला वाटलं नेहमीप्रमाणे म्हणतील, जाऊ दे, पोर आहे. तुलाही तेच वाटलं असणार. त्याच भरवशावर तू चिठ्ठी पाठवलीस.

ते म्हणाले, ‘त्याला सांग, मी रागावलोय.’

मी विचारलं, ‘नक्की सांगू?’

‘असंच सांग. मी त्याच्यावर रागावलोय. चिठ्ठीनं जाणार नाही तो राग.’ आणि खिडकीची काच लावून घेतली. पण शहाण्या, त्या काचेमागे ते कसे ताठ बसले होते म्हणून सांगू!

तर निरोप पोचवला. जन्मात कोणावर न रागावलेला माणूस तुझ्यावर रागावला आहे. त्यांची समजूत कशी काढायची हे कोणालाच ठाऊक नाही, कारण आजवर कोणाला ती काढावी लागली नाही. ते तुलाच शोधून काढावं लागेल, आणि समोर बसून.

तू पाठवलेलं नवं झाकण परत करते आहे. आमच्या टाकीला आता कुलूप नाही. वस्तादांनी आपटलेल्या झाकणाची चावीही सोबत आहे, ती तुझ्याकडे राहू दे.

वस्तादांचा नवा पत्ता कागदाच्या पाठीमागे लिहिला आहे. आशीर्वाद या पत्रात घातलेले नाहीत. आधी त्यांच्याकडून घेऊन ये, मग माझे मिळतील.

ताई